एकमताने

१४ मार्च

प्रिय ताई,

फोनच करणार होते. पण फोनवर तू मला दोन वाक्यांत गप्प करतेस आणि वर "बरं, ठेवू?" म्हणतेस. कागदावर निदान माझं बोलून होतं.

तर झालं एकदाचं. तुझ्या भाच्याने आज कोर्टात गुन्हा कबूल केला. पार्टीत नशेसाठी घेतात त्या पाच नाचगोळ्या जवळ होत्या, एक स्वतःसाठी, चार मित्रांसाठी. मित्रांना द्यायलाच आणल्या होत्या, हेही सांगितलं. त्या चार गोळ्यांनीच घात केला, नाही तर नुसतं बाळगण्यावर भागलं असतं. मित्राला दिली तरी कायद्याच्या लेखी तो पुरवठाच. सहा फुटी मुलगा त्या कठड्यात उभा होता आणि हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. घरचं नाव टिल्लू आणि उंची ही, त्यात वकीलबाईंनी घालायला लावलेला बापाचा कोट. बाह्या मनगटाच्या वर. मला हसूही येईना आणि रडूही.

वकीलबाई चिडल्यात. "बॅग उघडायला पोलिसांकडे काही कारणच नव्हतं. झडतीवरच मी केस पाडली असती."

"नक्की?"

"कोर्टात नक्की काही नसतं, बाई. बरीच शक्यता होती, एवढं सांगते."

त्यांना कसं सांगू की आमच्याकडे शक्यतेहून बरं काहीतरी आहे? तू बजावलं होतंस, कुणाजवळ बोलायचं नाही, म्हणून गप्प बसले. "मान्य करू दे त्याला," तू म्हणालीस. "शिक्षा ठरायच्या आधी आमचा अहवाल येईल. ती गोळी पहिल्या, सर्वांत घातक वर्गात का आहे हेच मुळात कुणाला सांगता येत नाही. ती तिसऱ्यात जाईल. तिसऱ्यात दंड, फार तर थोडं समाजकाम. माझ्यावर सोड." म्हणून तुझ्यावर सोडलं. तोही लगेच तयार झाला.

वकीलबाई म्हणाल्या, कबुली मागे घ्यायची मुदत अजून आहे, विचार करा. मी मान डोलावली.

तुझ्या भावाला वाटतं मी तुझ्यावर जरा जास्तच भरवसा टाकते. मी म्हटलं, देशातल्या सगळ्या नशेच्या पदार्थांची वर्गवारी ज्या समितीने करायची तिची अध्यक्ष तुमची सख्खी बहीण आहे. आता काय ज्योतिषाकडे जाऊ?

मागच्या सुट्टीत तू आमच्या स्वयंपाकघरात बसून समितीची ती पद्धत आम्हाला समजावलीस, ते अजून आठवतं. जे सर्वांत घातक त्याला शंभर, बाकीच्यांना त्याच्या तुलनेत गुण. आणि सरावाला घरातल्या वस्तू. शिडी, गॅसची शेगडी, टिल्लूची मोटारसायकल, झोपेच्या गोळ्या. टिल्लू म्हणाला, "आजीची जीभ राहिली." सगळ्यांनी शंभर दिले. सासूबाई म्हणाल्या, "शंभर कसले? दात गेलेत आता, पन्नासात भागवा."

मोटारसायकलला मी ऐंशी दिले आणि शिडीला दहा. तू विचारलंस, या घरात आजवर हाड कशावरून पडून मोडलंय? दोन्ही वेळा शिडीवरून. "बघ," तू म्हणालीस, "शिडी तुझी आहे म्हणून तुला भीती वाटत नाही. मोटारसायकल त्याची आहे. आपला कायदा असाच झालाय. ज्यांनी तो केला त्यांच्या घरात दारूची बाटली होती, गोळी नव्हती."

दुकानात हे वाक्य मी कितीदा आठवलं असेल. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलताना मी विचारते, ही बरी की आधीची बरी? लोक प्रामाणिकपणे सांगतात. कोणती काच महाग हे त्यांना तेव्हा माहीत नसतं ना.

तब्येतीला जप.

तुझी वहिनी


६ एप्रिल

प्रिय ताई,

सासूबाईंच्या वाढदिवसाला आलीस, फार बरं वाटलं. ऐंशीव्या वर्षी मुलगी जवळ असली की म्हाताऱ्या माणसाला दुसरं काही लागत नाही. तू गेल्यापासून शेजारणीला तेच सांगताहेत. "अध्यक्ष आहे हो ती, पण माझी भांडी घासून गेली."

भांड्यांवरून आठवलं. मला एकदाही का हात लावू दिला नाहीस? सिंकपाशी पाठ करून उभी राहिलीस ती शेवटचा चमचा पुसेपर्यंत. आणि डोळे सारखे चोळत होतीस. नंबर वाढलाय तुझा. पुढच्या खेपेला आधी दुकानात ये, मग घरी. धंद्याच्या माणसाच्या घरात असे डोळे घेऊन फिरणं म्हणजे माझी अब्रू घालवणं आहे.

टिल्लूचे केस तू किती वेळ कुरवाळलेस. तो लाजला. बावीस वर्षांचा झालाय, पण तुझ्यापुढे अजून मांडीवरचाच.

मी विचारलं होतं ते तू ऐकलंस की नाही, नळ चालू होता. कबुली मागे घ्यायची मुदत या शुक्रवारी संपते, वकीलबाईंचा पुन्हा फोन आला होता. तू म्हणालीस, "त्यांनाच विचार, त्यांचं ऐक." मी हसले. त्या तर पहिल्यापासून तुझ्या सल्ल्याच्या विरुद्ध आहेत! तूही हसलीस बहुधा. पाठमोरी होतीस.

काही बदललं असेल तर तू सांगितलंच असतंस, म्हणून आम्ही आहे ते तसंच ठेवतोय. एका ओळीचं उत्तर पाठवलंस तरी पुरे. नाही पाठवलंस तर सगळं ठीक आहे असं समजते.

तुझी वहिनी


२७ एप्रिल

माननीय अध्यक्षबाई,

आज सकाळी दुकानात एक आजोबा चष्म्याची दांडी सैल करून घ्यायला आले होते. रेडिओ चालू होता. बातमी लागली. नशेच्या पदार्थांची नवी वर्गवारी जाहीर, समितीचा अहवाल सरकारने जसाच्या तसा स्वीकारला. नाचगोळी पहिल्याच वर्गात राहील. शिफारस एकमताने.

एकमताने म्हणजे सगळ्यांची सही. म्हणजे तुमचीही.

मी दांडी मोडली. चांगली शिंगाची दांडी, काडीसारखी तुटून हातात आली. आजोबा म्हणाले, "असू दे पोरी, जुनीच होती." त्यांना वाटलं मी दांडीसाठी रडतेय.

लग्नानंतर दोन वर्षं मी तुम्हाला अहो-जाहो करत होते. तिसऱ्या वर्षी, टिल्लू पोटात असताना, तुम्हीच माझा कान धरून म्हणालात, "अगं-तुगं कर मला. सासरी एक तरी माणूस तुझं असू दे." आजपासून पुन्हा तुम्ही.

तुमच्या भावाने सकाळपासून तुम्हाला किती फोन केले ते तुमच्या फोनवर दिसतच असेल. टिल्लू मात्र शांत आहे. म्हणाला, "आत्याची काहीतरी अडचण असेल. सांगेल ती." मी त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं. त्याचं ते समजूतदार तोंड मला बघवेना.

मार्चच्या पत्रात मी लिहिलं होतं की तो लगेच तयार झाला. नव्हता झाला. तो लढू म्हणत होता. मग त्याने विचारलं, "आत्याला विचारलंस?" मी हो म्हटल्यावर त्याने सही केली. हे तुम्हाला माहीत असावं, म्हणून लिहिलं.


९ मे

ताई,

तुमचं पत्र पोचलं. लांब आहे, स्वच्छ आहे, आणि त्यात एकही गोष्ट खोटी नाही. हे मी आधीच मान्य करते, म्हणजे पुढे मी काय लिहिते ते रागाच्या भरात लिहिलंय असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

तुम्ही लिहिता, समितीने गुण बरोबर दिले होते. दारू सगळ्यांच्या वर. पिणाऱ्याचं नुकसान, घरच्यांचं, रस्त्यावरच्यांचं, सगळं धरून. नाचगोळी पार खाली. ती निरुपद्रवी नाही, हे मलाही कळतं. गेल्या वर्षी ती मुलगी अंगात ताप चढून गेली, तिचा फोटो मीही पाहिला होता. पण तुम्हीच दाखवलं होतंत, गोळीने मेलेली प्रत्येक मुलगी पहिल्या पानावर येते, आणि दारूने मेलेला माणूस शेवटच्या पानावर छोट्या चौकटीत येतो, "अल्पशा आजाराने".

मग मंत्र्यांनी तुम्हाला एकटीला बोलावलं. म्हणाले, दारूची दुकानं संध्याकाळी लवकर बंद करायचा कायदा आणतो, जाहिराती बंद करतो, स्वस्त दारूवरचा कर वाढवतो. तुम्ही वीस वर्षं जे मागताय ते सगळं देतो. फक्त एका वेळी दोन लढाया मला झेपणार नाहीत. मी दारूवर हात टाकला आणि त्याच अहवालात गोळीला खाली आणलं, तर उद्या सगळे म्हणतील, सरकारने कामगाराचा ग्लास काढून घेतला आणि श्रीमंतांच्या पोरांना गोळी दिली. गोळी आहे तिथे राहू द्या. आणि सही सगळ्यांची हवी, नाही तर विधेयक पडेल.

तुम्ही हो म्हणालात. तुम्ही वर्षाला किती जीव वाचतील याचा आकडा लिहिलाय, आणि त्यापुढे कंसात "कमीत कमी".

हिशेब बरोबर आहे. तेच तर दुखतं. तुम्ही पैसे खाल्ले असते, घाबरला असतात, तर मी तुम्हाला चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

पण मग मला एक सांगा. तुमची ती वर्गवारी कशासाठी होती? कोणता पदार्थ किती अपाय करतो, एवढंच सांगायला ना? गोळीचं नाव ज्या ओळीत आहे, तिथे गोळीबद्दल काहीच लिहिलेलं नाही. तिथे दारूबद्दल लिहिलंय, मंत्र्यांबद्दल, विधेयकाबद्दल. उद्या न्यायाधीश ती ओळ वाचतील तेव्हा त्यांना वाटेल, हा मुलगा भयंकर काहीतरी घेऊन फिरत होता, शास्त्र सांगतंय. शास्त्र तर वेगळंच सांगत होतं, अहवालात ते मागे कुठेतरी तक्त्यांत गाडलेलं आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आमचा टिल्लू काही संन्यासी नाही. पण निदान त्याने जेवढं केलं तेवढंच त्याच्या पदरात पडावं!

आणि आता तारीख. मंत्र्यांनी बोलावलं ते मार्चअखेरीला, तुम्हीच लिहिलंय. म्हणजे सासूबाईंच्या वाढदिवसाला तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा सगळं ठरलं होतं. मुदत संपायला चार दिवस होते. मी तुमच्या पाठीशी उभी राहून विचारलं, काय करू? तुम्ही म्हणालात, वकीलबाईंचं ऐक. पत्रात लिहिता, तो इशारा होता, गुप्ततेची शपथ असताना याहून जास्त बोलणं शक्य नव्हतं.

इशारा! शेजारचं घर जळत असताना खिडकीतून "आज जरा उकडतंय, नाही?" म्हणावं, तसला.

शपथ मोडायची नव्हती तर मार्चमध्ये कशी मोडलीत? "तिसऱ्यात जाईल, माझ्यावर सोड" हे शपथेत बसलं. "आता नाही जाणार" एवढंच बसलं नाही. कारण आम्ही कबुली मागे घेतली असती तर कुणीतरी विचारलं असतं, यांना आधी कसं कळलं? आणि मग तुमची सही, विधेयक, सगळंच पाण्यात गेलं असतं. आमच्याच ताटात जेवलात, ताई. केसाने गळा कापणं हा वाक्प्रचार मी शाळेत पाठ केला होता. त्याचा अर्थ नळाखाली चमचे धुणाऱ्या बाईकडे बघून कळेल असं कधी वाटलं नव्हतं.

तुमचा भाऊ आता तुमच्या बाजूने बोलतो. पहिले दोन दिवस भिंतीला मुठी मारत होता, मग तुमचं पत्र वाचलं. काल म्हणाला, "बाबांच्या वेळी दुकानं लवकर बंद होत असती तर?" एवढंच. मला कळलं. तुम्हा दोघांना जे लहानपणी दिसलं ते मला नाही दिसलं. मी फक्त ऐकलंय, तुम्ही चौदाव्या वर्षी बाबांपुढे घमेलं धरून उभ्या राहायचात आणि सकाळी तेच बाबा शाळेत प्रार्थना घ्यायचे. त्यांना दारुडा कुणी म्हटलं नाही. "मास्तर घेतात थोडी." थोडीनेच गेले.

म्हणून मी तुम्हाला ओळखते असं मला वाटतं. मंत्र्यांच्या टेबलापाशी तुम्ही एकदाचं बाबांना वाचवलंत. उशिरा, आणि माझ्या मुलाच्या बदल्यात.

ओरडून झालं. आता मागणं. वकीलबाई म्हणतात, शिक्षेच्या सुनावणीत तज्ज्ञाला बोलावता येतं. न्यायाधीशांना पहिल्या वर्गातही खूप मोकळीक असते, कमीत कमी शिक्षा द्यायची तर तुरुंगाशिवायही सोडता येतं. फक्त त्यांना कुणीतरी सांगायला हवं की या गोळीला समितीने प्रत्यक्षात किती कमी गुण दिले होते. ते तुमच्याइतकं कोण सांगणार? अहवाल खोटा आहे असं म्हणू नका. गुण सांगा, एवढंच. दोन जूनला या.

याल ना?


३ जून

ताई,

तुम्ही आलात. पहिल्या रांगेत बसलेल्या टिल्लूने मागे वळून तुम्हाला पाहिलं आणि त्याच्या खांद्यांचा ताण गेला, ते मला माझ्या जागेवरून दिसलं. मीसुद्धा क्षणभर तुमच्यासाठी जागा केली, शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली. तुम्ही पलीकडच्या बाजूला बसलात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण माझ्याकडून ते कसं दिसलं हे तुम्हाला माहीत नाही.

वकीलबाईंनी विचारलं, "समितीच्या मूल्यमापनात या गोळीचं स्थान कुठे होतं?"

तुम्ही म्हणालात, "अहवालात सर्व दिलेलं आहे."

"न्यायालयाला तुमच्या शब्दांत ऐकायचं आहे. तुमच्या मते ही गोळी पहिल्या वर्गात असावी का?"

तुम्ही पाणी प्यायलात. न्यायाधीशांचा चष्मा डावीकडे कलला होता, मला तेवढंच दिसत होतं, कुणीतरी त्यांची नाकपट्टी सरळ करून द्यायला हवी होती. मग तुम्ही म्हणालात, "अहवाल समितीचा आहे आणि त्यावर माझी सही आहे. त्यापलीकडे मी मत देणार नाही."

वकीलबाई जवळ गेल्या. "बाई, हो किंवा नाही."

"माझी सही आहे," तुम्ही पुन्हा म्हणालात.

विधेयकावरचं मतदान पुढच्या आठवड्यात आहे, हे मला ठाऊक आहे. मागच्या बाकावर दोन पत्रकार बसले होते, तेही मी पाहिलं. तुम्ही "नाही" म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं असतं, अध्यक्षच म्हणते अहवाल चुकीचा. सगळं मला समजतं. ताई, मला समजतं याचाच मला कंटाळा आलाय. घरात प्रत्येकाचं समजून घेणारी बाई एक असते, आणि तिचं समजून घ्यायला कुणी उरत नाही.

मग न्यायाधीशांनी निकाल वाचला. मुलगा चांगल्या घरचा, पहिलाच गुन्हा, कबुली दिलेली. पण "या क्षेत्रातील अग्रगण्य तज्ज्ञ, ज्यांनी आज न्यायालयापुढेही आपल्या निष्कर्षाचा पुनरुच्चार केला," त्यांनी हा पदार्थ सर्वांत घातक वर्गात ठेवला असल्यामुळे सौम्यता दाखवता येत नाही. अडीच वर्षं.

ऐकलंत? तुम्ही आला नसतात तर बरं झालं असतं. तुमचं येणंच त्याच्या विरुद्ध पुरावा झालं.

त्याला नेताना त्याने बापाचा कोट काढून माझ्याकडे दिला. म्हणाला, "आई, आत्या खोटं नाही बोलली. फक्त उत्तर नाही दिलं." पोलीस त्याच्या दंडाला धरून उभा होता आणि हा मला तुमच्या बाजूने समजावत होता!

बाहेर पायऱ्यांवर तुम्ही माझ्याकडे यायला निघाला होतात. मी तुमच्या भावाला सांगितलं, तिला थांबव. तो मध्ये उभा राहिला. त्याला ते किती जड गेलं हेही मी पाहिलं. आता तो माझ्याशी बोलत नाही आणि तुमच्याशीही. दुकानाच्या मागच्या खोलीत चटई टाकून झोपतो. तुम्ही त्याला फोन करू नका.

मला पत्र पाठवू नका.


१८ नोव्हेंबर

ताई,

तुमची सगळी पत्रं आली. उघडली नाहीत. शेवटचं उघडलं, कारण पाकिटावर त्याचं नाव होतं, माझं नाही, आणि तुरुंगाने ते त्याला न देता आमच्या घरी पाठवलं होतं. तुम्ही त्यावर तुमचं संपूर्ण पद लिहिलं होतं. तिथे पदं चालत नाहीत, नातं लिहावं लागतं.

तुम्हाला त्याला भेटायचंय, असं लिहिलंय.

तो बरा आहे. बारीक झालाय. कपडे धुण्याच्या विभागात काम देतात. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एकाशी मैत्री झाली आहे, त्या माणसाने बायकोला दारूच्या नशेत जिन्यावरून ढकललं होतं. त्याला टिल्लूहून कमी शिक्षा आहे. नशेत होता म्हणून शिक्षेत सूट मिळाली म्हणे. टिल्लूने मला हे हसत सांगितलं. हल्ली तो असं हसतो, ओठांच्या एकाच बाजूने. ते हसू कुणाकडून आलं मला कळत नाही, आमच्यात कुणाचं तसं नाही.

बाहेर आल्यावर त्याला कार्यक्रमांत स्पीकर लावायचं त्याचं जुनं काम मिळणार नाही. सरकारी कार्यक्रमांना परवाना लागतो, आणि पहिल्या वर्गाचा शिक्का असला की परवाना नाही. बंदिवास अडीच वर्षांनी संपेल, वर्ग संपणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती तुमची आहे, म्हणून दाबून ठेवणं मला बरं वाटत नाही.

माझ्या दुकानाशेजारी लाँड्री आहे. तिथल्या बाईला तुम्ही पाहिलंय, मोठ्याने बोलणारी, तुम्हाला एकदा "डॉक्टरीणबाई, माझी पाठ बघा" म्हणाली होती आणि तुम्ही "मी तसली डॉक्टर नाही" म्हणालात. तिचा नवरा क्रेन चालवतो. पगाराच्या संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा ती मुलींना घेऊन माझ्या दुकानात बसायची, चष्म्याच्या चौकटी घालून बघायचं निमित्त करून. मी शटर अर्धं ओढून घ्यायचे.

हल्ली ती येत नाही. मागच्या आठवड्यात मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "येऊ कशाला? तो सुटतो तोवर दुकानं बंद. स्वस्तातली मिळत नाही, महागातली परवडत नाही. पहिले दोन महिने नुसता धुमसत होता. आता जेवतो आणि झोपतो. परवा धाकटीची वेणी घातली, वाकडी. ती वाकडी वेणी घेऊनच शाळेत गेली, सोडू देईना." मग इस्त्री आपटून म्हणाली, "हा कायदा कुणी बाईनेच केलाय म्हणतात. भेटली तर तिच्या पायांवर डोकं ठेवीन. तिच्या मुलाबाळांचं कल्याण होवो."

मी तिच्यासमोर उभी होते. हातात टिल्लूला न्यायचे इस्त्रीचे शर्ट होते. ते तिथे घालू देत नाहीत, तरी मी दर वेळी नेते. मी म्हटलं, "तिला मुलंबाळं नाहीत. एक भाचा आहे."

"मग त्या भाच्याचं कल्याण होवो."

मी पैसे दिले आणि शर्ट घेऊन आले. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तुमच्यासाठी रडले, आणि रडून झाल्यावर राग तिथल्या तिथे होता, जरासुद्धा झिजला नव्हता. मला वाटलं होतं, दोन्ही एका मनात मावणार नाहीत. मावतात.

तर भेटीचं. महिन्याला एक भेट असते आणि एकाच माणसाची. आतापर्यंत मी जात आले, एकदा त्याचा बाप गेला. तुम्हाला जायचं असेल तर माझा महिना सोडावा लागेल. मी त्याला विचारलं. वाटलं होतं नाही म्हणेल, खरं सांगायचं तर आशाच होती. तो म्हणाला, "येऊ दे आत्याला. ती बिचारी एकटी आहे." बिचारी!

म्हणून डिसेंबरची भेट तुमच्या नावावर केली आहे. दुसरा शनिवार. ओळखपत्र न्या, नातं "आत्या" लिहा. खाण्याचं काही नेऊ नका, परत पाठवतात. मध्ये काच असते, जाड आणि जुनी, कडेला बघितलं तर माणूस दुहेरी दिसतो, म्हणून सरळ समोर बसा. तो आधी तुमच्या तब्येतीचं विचारेल. मग तुम्हाला अवघड वाटू नये म्हणून काहीतरी विनोद करेल. तुम्ही रडलात तर तोच तुमची समजूत घालेल.

तो तुम्हाला माफ करेल. बहुधा केलंच आहे, त्याचा स्वभाव तुम्ही जाणता, तुमच्याच मांडीवर तो घडला. म्हणून आधीच सांगून ठेवते. त्या खोलीतून बाहेर पडताना ती माफी आम्हा सगळ्यांच्या वतीने मिळाली, असं समजू नका. ती त्याची एकट्याची आहे.

टिल्लूची आई